सटवाचा मागचा हात

"हे बघ, इथे," केतकी म्हणाली आणि तिने सटवाला भर लढाईत जागच्या जागी थिजवलं.

भिंतभर पडद्यावर सटवा जासूद गडाच्या दिंडी दरवाजासमोर उभा होता. उजव्या हातात कोपरापर्यंत चढवलेला दांडपट्टा, पिळदार मिशा, मुंडाशाचा सोगा वाऱ्यावर. संगणकावरच्या जुन्या खेळात त्याचं तोंड घडी घातलेल्या पुठ्ठ्यासारखं दिसायचं आणि मिशी काळ्या पट्टीसारखी. आता मिशीचा केस न् केस वेगळा होता. कपाळावरच्या घामात मशालीचा उजेड चमकत होता.

"समोर तीन गनीम. श्वास घ्यायला वेळ नाही. आणि आपला शूर वीर काय करतो?" केतकीने चित्र हळूहळू पुढे सरकवलं. "डावा हात मागे नेतो. मागे कोण आहे? कोणीही नाही. हात जातो, परत येतो, मग पट्टा फिरतो. प्रत्येक लढाईच्या आधी, तिन्ही खेळांत. हे मी काढून टाकतेय."

"काढू नका," मी म्हणाले.

हे इतक्या घाईने बाहेर पडलं की सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. माझ्या बाजूला आमच्या तालमीचे धोंडी वस्ताद बसले होते, तेसुद्धा. ते सकाळपासून कुणाकडेच बघत नव्हते. कोल्हापूरहून पुण्यापर्यंत त्यांनी दोन पट्टे घोंगडीत गुंडाळून मांडीवर आडवे धरले होते, आणि इथे या थंडगार खोलीत आल्यावरही ती घोंगडी खाली ठेवायला ते तयार नव्हते.

"का नको?" केतकीने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला सांगता आलं नाही.

सटवाचं तोंड कुणा चित्रकाराने काढलेलं होतं. आवाज नाटकातल्या एका नटाचा होता. पण मानेपासून खाली सटवा म्हणजे माझी आई होती, विजयमाला सरनाईक. श्रीरंग दामले आणि त्याच्या कॉलेजातल्या दोस्तांनी 'रणवाट' नावाचा खेळ बनवायला घेतला, तेव्हा मर्दानी खेळ खेळणारा गडी शोधत ते आमच्या तालमीत आले होते. अंगाला पांढऱ्या टिकल्या चिकटवायच्या, चार बाजूंनी कॅमेरे लावायचे आणि मग त्या टिकल्यांवरून हालचाल उतरवून घ्यायची, असा त्यांचा बेत. टिकल्या लावल्याबरोबर आमचे पठ्ठे लग्नाच्या फोटोला उभे राहिल्यासारखे ताठले. एकाने तर पट्टा उलटा धरला. आई भिंतीला टेकून हसत होती. वस्ताद तिच्यावर खेकसले, "हसतीस काय? ये, तूच कर."

तिने केलं. पुढे आणखी दोन वेळा केलं, कारण खेळ चालला आणि त्याचे आणखी दोन भाग निघाले. महाराष्ट्रातली कितीतरी पोरं सटवा होऊन तटावरून उड्या मारत मोठी झाली, आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की तो मिशीवाला गडी म्हणजे नऊवारीतली एक बाई आहे. आईने तो खेळ एकदाच पाहिला, शेजाऱ्यांच्या घरी. म्हणाली, "माणूस बरा हाय. पण माझ्यागत चालतोय."

आता श्रीरंगच्या कंपनीने तिन्ही खेळ नव्या रूपात एकत्र काढायचं ठरवलं होतं. नवे चेहरे, नवा उजेड, नवं संगीत, हालचाली मात्र जुन्याच, जरा घासूनपुसून. सगळं जमलं होतं, फक्त तिसऱ्या भागातल्या शेवटच्या लढाईचं मूळ चित्रण खराब झालं होतं. त्यासाठी मला बोलावलं होतं. माझी उंची आईएवढी, बांधा तिचाच, आणि जे काही येतं ते तिच्याच हाताखाली शिकलेलं. वस्तादांना कुणी बोलावलं नव्हतं. "माझा पट्टा माझ्या माघारी पुण्यात फिरणार न्हाई," एवढं सांगून ते गाडीत बसले होते.

आई त्या वर्षीच्या श्रावणात गेली. त्यानंतर मी पट्टा हातात घेतला नव्हता.

पण हे सगळं खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला सांगता येत नव्हतं ते वेगळंच होतं. पडद्यावरच्या त्या माणसाचा प्रत्येक पवित्रा, प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी वस्तादांची होती, त्यांच्या वस्तादांची होती, तालमीत धूळ खात टांगलेल्या तसबिरींमधल्या माणसांची होती. आईने ती नुसती अंगावर चढवली होती. एकटीची, तिची स्वतःची अशी एकच गोष्ट त्यात होती, मागे जाणारा तो हात. आणि केतकी नेमकी तीच पुसायला निघाली होती.

"हे बघ प्रणोती," केतकी खुर्ची फिरवून माझ्यासमोर आली. ती माझ्याच वयाची असेल. केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली, आणि बोलताना ती पेन्सिल काढून परत खोचायची सवय. "माझा एकच नियम आहे. माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक हालचालीला कारण लागतं. माणूस डोकं खाजवतो, तर का खाजवतो ते मला कळलं पाहिजे. कारण सांग, मी त्या हाताला बोटही लावणार नाही. पण आज संध्याकाळी मी हे सगळं बंद करून पुढे पाठवणार आहे. त्यानंतर काही होणार नाही."

"कारणं हवीत? लोकांनी ढीगभर दिली आहेत," श्रीरंग खुशीत म्हणाला. पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, पण या खेळाबद्दल बोलायला लागला की कॉलेजातलं पोर व्हायचा. "एक पंथ म्हणतो, सटवा धरतीमातेला नमस्कार करतो. दुसरा म्हणतो, झाडीत दडलेल्या साथीदारांना थांबायची खूण करतो. नागपूरच्या एकाने भलामोठा लेख लिहून सिद्ध केलंय की सटवाच्या पाठीत जुनी जखम आहे. आणि तिसऱ्या भागात हात फार वर येतो ना, कोपर असं बाहेर, त्याला पोरं 'कोंबडी' म्हणतात. लढाईच्या आधी सटवाने कोंबडी केली नाही तर त्यांना चुकल्यासारखं होतं!"

"लोकांना आवडते म्हणून चूक ठेवायची का?" केतकी म्हणाली.

"धरतीला नमस्कारच असेल," मी म्हणाले.

केतकीने सटवाचा तळवा मोठा करून दाखवला. "जमिनीला हात लागतच नाही. नमस्काराला वाकावं लागतं. हा ताठ आहे."

"मग पदर. ती पदर सावरत असेल. बाईची सवय असते, काही करायच्या आधी..."

"पदर?" वस्ताद पहिल्यांदा बोलले. "कासोटा आवळून, पदर कमरंला बांधून मगच आखाड्यात पाय. सुटला पदर घिऊन मी पट्टा फिरवू देईन व्हय?"

मी त्यांच्याकडे वळले. खरं तर मी मघापासून याच घटकेची वाट बघत होते. वस्तादांच्या तोंडून एक वाक्य आलं असतं तर काम झालं असतं. "वस्ताद, हा जुना पवित्रा आहे ना? आपल्या तालमीचा?"

वस्तादांनी घोंगडी मांडीवर सारखी केली.

"न्हाई," ते म्हणाले. "असला पवित्रा आपल्यात न्हाई. खोड हाय ती. चूक."

"वस्ताद!"

"वस्ताद काय? खोटं बोलू? डावा हात मागं गेला की बरगडी उघडी पडती. तुझ्या आईला हजार बार तोंडावर सांगितलं. मग आता ती न्हाई म्हणून गोड बोलू काय? हात कमरंला दोरीनं बांधून खेळवली तिला. दोरी काचून मनगट सोललं, पर हात मागं वढायचा तो वढायचाच. इचारलं, का गं, तर म्हणायची, 'आपसूक जातोय वस्ताद.'"

श्रीरंग हसला. मला हसू आलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले.

"बरं, आणि एवढंच असतं तरी मी डोळेझाक केली असती," केतकी म्हणाली. "खरी पंचाईत पुढे आहे. हे खेळ वेगवेगळे निघाले तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. तीन-तीन वर्षांचं अंतर होतं मध्ये. पण आता तिन्ही एका संग्रहात आहेत. पोरगं दुपारी पहिला भाग संपवणार आणि चहा पिऊन दुसरा सुरू करणार. आता बघा."

तिने पडद्याचे तीन भाग केले. प्रत्येकात एक सटवा, तिघंही पाठमोरे. मग तिने चेहरे, कपडे, मुंडासं, सगळं काढून टाकलं. काळोखात नुसत्या पांढऱ्या टिपक्यांची तीन माणसं उरली.

मिशी गेली, दंड गेले, आणि टिपक्यांतून आई उभी राहिली. उजव्या पायावर किंचित जास्त भार. डावा खांदा जरासा खाली. ती दुधाची किटली घेऊन कोपऱ्यावरून वळायची तेव्हा मला अर्ध्या गल्लीतून ओळखू यायची, ती अशीच.

"चालवते," केतकी म्हणाली.

तिघींनी एकदम डावा हात मागे नेला.

"थांब. दिसलं? पहिल्या भागात हात कमरेच्या खाली. दुसऱ्यात कमरेच्या वर. तिसऱ्यात पार बरगडीपाशी, ती तुमची कोंबडी. एकच माणूस, एकच सवय, आणि तीन वेगवेगळ्या उंच्या. असं नसतं. सवय म्हणजे सवय, ती दरवेळी त्याच जागी जाते. म्हणजे हा टिपण्यातला गोंधळ आहे. एकतर तिन्ही सारखे करायचे नाहीतर तिन्ही काढायचे."

"बगा," वस्ताद समाधानाने म्हणाले. "चूक ती चूक, ती बी एकसारखी न्हाई."

"पुन्हा चालवा ना," मी म्हणाले. मला नुसतं बघायचं होतं. एकदा काढून टाकल्यावर ते कुठे बघायला मिळणार होतं?

केतकीने पुन्हा चालवलं. मग, माझ्यासाठी असेल, आणखी एकदा, अगदी सावकाश. आणि तिसऱ्या खेपेला पेन्सिल काढायला वर गेलेला तिचा हात तसाच राहिला.

"एक मिनिट."

ती खुर्ची ओढून पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या चेहऱ्यावर टिपके पडले.

"श्रीरंग, टिपण्यात गोंधळ असला की टिपका कसा वागतो?"

"उडतो. थरथरतो. मध्येच नाहीसा होतो."

"हा थरथरत नाही. हा थांबतो." तिचा आवाज बदलला होता. "बघ. हात वेगात मागे जातो आणि एकदम थांबतो. हवेत नेलेला हात असा थांबत नाही, तो थोडा पुढे जाऊन परत येतो. हा टेकल्यासारखा थांबतो. आणि हे... अरे, हे मी कसं पाहिलं नाही? थांबल्यावर तो खाली दाबतो. एवढंसं. बोटभर."

"तिसऱ्यातसुद्धा?" श्रीरंग उठून उभा राहिला.

"तिन्हींत!"

आता आम्ही सगळेच पडद्याजवळ होतो. वस्तादसुद्धा, घोंगडीसकट.

"मागे काहीतरी होतं," केतकी म्हणाली. "काहीतरी वस्तू. ती त्याच्यावर हात टेकवत होती."

"शक्य नाही," श्रीरंग म्हणाला. "मी स्वतः कॅमेरे लावले होते. मोकळी लाल माती, बाकी काही नाही. चारी बाजूंनी दिसतं, कुठे लपणार?"

"मग हात कशावर थांबला?"

"मला काय माहीत! पण मागे काही नव्हतं. शपथेवर सांगतो."

केतकी ऐकतच नव्हती. तिची बोटं कळफलकावर धावत होती. पहिल्या आईच्या हाताखाली, जमिनीपासून तळव्यापर्यंत, एक करडा खांब उगवला. मग दुसरीच्या हाताखाली. मग तिसरीच्या. साधे, गुळगुळीत, चुलीच्या धुराड्यासारखे तीन खांब. तिने पुन्हा चालवलं. तिन्ही हात मागे गेले आणि तिन्ही तळवे खांबांवर अलगद टेकले, जणू खांब पहिल्यापासून तिथेच होते.

"आई शप्पथ," श्रीरंग पुटपुटला.

"पाण्याचा रांजण आसंल," वस्ताद म्हणाले. तेही आता रंगात आले होते. "तालमीच्या मागल्या अंगाला रांजण हाय. तितं सराव करत आसंल."

"रांजण?" केतकी हसली. "वस्ताद, नीट बघा ना. पहिल्या भागात एवढा, दुसऱ्यात एवढा, तिसऱ्यात एवढा. तुमच्याकडे रांजण वाढतात का?"

माझे गुडघे वाकले.

मी पडले नाही. मी खाली बसले, एकदम, दोन्ही पाय पोटाशी घेऊन, डोकं गुडघ्यांत. आपसूक. माझ्या टाळूवर काहीतरी टेकलं होतं आणि त्याने मला बोटभर खाली दाबलं होतं.

"अरे पाणी आणा! हिला चक्कर आली!" श्रीरंग ओरडला.

"प्रणोती? प्रणोती!" केतकी माझ्या खांद्याला धरून हलवत होती.

"पनू," वस्ताद वाकून म्हणाले, "काय झालं गं पोरी?"

मी हसत होते. मला हसू थांबवता येत नव्हतं आणि त्यामुळे ते आणखी घाबरत होते.

"बस," मी म्हणाले. "ती 'बस' म्हणतेय."

"कोण बस म्हणतंय? आधी तू पाणी पी."

मी पाणी प्यायले. मग फरशीवर बसूनच सांगितलं. आमच्या घरामागे परड्यात आई पहाटे सराव करायची. वडील ट्रकवर असायचे, आठवडा-आठवडा घरी नसायचे. मला ठेवणार कुणाकडे? आणि मी अशी चिकट की आई दिसेनाशी झाली की गल्ली डोक्यावर घ्यायची. मग मी परड्यात तिच्या मागे मागे. ती पुढे सरकली की मी पुढे, ती वळली की मी वळून पुन्हा तिच्या पाठीशी. आमचा एक खेळ होता. डोक्यावर हात आला की खाली बसायचं. मी बसले की वरून सूंऽऽ असा आवाज जायचा आणि कानावरचे केस उडायचे. मला तो वारा फार आवडायचा. पट्टा फिरतोय हे मला कळत नव्हतं. मला वाटायचं, आई वारा करते.

तो हात मला डोळ्यांनी कधी दिसलाच नव्हता. तो वरून यायचा, आणि तो आला की मी मान खाली घालायचे. म्हणून सटवा इतकी वर्षं माझ्यासमोर हात मागे नेत राहिला आणि मी तो ओळखला नाही. त्या हाताची मला फक्त टाळूवर ओळख होती.

"पहिल्या भागाच्या वेळी मी तीन वर्षांची होते," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या वेळी सहा. तिसऱ्याच्या वेळी नऊ. केतकी, ती वस्तू मी आहे."

केतकीने पडद्याकडे पाहिलं. तीन करडे खांब, एकापेक्षा एक उंच. तिने तोंडावर हात ठेवला.

"पण तू नव्हतीस तिथे," श्रीरंग हळूच म्हणाला. "मी सांगतोय ना, मागे कोणी नव्हतं."

"न्हवतीच," वस्ताद म्हणाले. "तिन्ही बारीला पोरगी आमच्या घरात हुती. आमच्या मंडळींनी सांभाळली. भडंग चारून."

पडद्यावर त्या तिघी चालूच होत्या. हात मागे जात होता, थांबत होता, दाबत होता, आणि त्यानंतरच पट्टा फिरत होता.

वस्ताद खुर्चीवर टेकले. "मला सांगायचं तरी तिनं," ते म्हणाले. "दोरी बांधली मी. मनगट सोललं तिचं."

"तिला स्वतःला तरी कुठे माहीत होतं, वस्ताद? आपसूक जातो म्हणायची ना?"

त्यांनी नाक ओढलं. मग मान हलवून म्हणाले, "चूक न्हवं ती." आणि थोड्या वेळाने, कुणी त्याचा वेगळा अर्थ घेऊ नये म्हणून, "पर पवित्रा बी न्हवं."

"चालेल," केतकी म्हणाली. तिने डोळे पुसले, पेन्सिल केसांत खोचली आणि कळफलक पुढे ओढला. "कारण मिळालं. माझं काम झालं. तिन्ही उंच्या आहेत तशाच राहतील. कोंबडीसकट."

"एका ओळीची टीप टाकूया का संग्रहात?" श्रीरंगने उत्साहाने विचारलं. "लोक वेडे होतील!"

"नको," मी म्हणाले.

तो संग्रह बाहेर पडून आता बरीच वर्षं झाली. धरतीमातेवाले आणि जखमवाले अजून भांडतात. तिन्ही भाग सलग खेळल्यामुळे एका नव्या पंथाला उंच्यांमधला फरक दिसला. त्यांचं म्हणणं, सटवाच्या मागे एक भूत आहे आणि ते मोठं होत चाललंय. मला तो पंथ बरा वाटतो.

पण त्या दुपारी आमचं काम अजून उरलं होतं. तिसऱ्या भागातली शेवटची लढाई.

मी काळा, अंगाबरोबर बसणारा पोशाख चढवला. त्यावर मोत्याएवढे पांढरे गोळे शिवलेले होते. वस्तादांनी अखेर घोंगडी सोडली. पट्टा बोथट होता, पण पातं तेच, लवलवणारं. मुठीत हात घातला तेव्हा लोखंड आधी गार लागलं, मग लगेच अंगाच्या उबेवर आलं. मी चित्रणाच्या खोलीत मधोमध गेले. मोकळी, काळ्या जाजमाची खोली. भिंतींवरून कॅमेऱ्यांचे लाल डोळे.

"रिंगणात कुणी यायचं न्हाई," वस्तादांनी नेहमीप्रमाणे बजावलं आणि टाळ्यांनी ठेका धरला, हलगी वाजते तसा. पहिल्या टाळीला मी पट्ट्याची मूठ आवळली. दुसऱ्या टाळीला पाय आपोआप मातीवर असल्यासारखे सरकायला लागले. इतके महिने आखडलेले खांदे सुटले. पातं हवेत शिट्टी मारून गेलं आणि श्रीरंग "वा!" म्हणून ओरडला.

"सुंदर," केतकी म्हणाली. "पण हात?"

हात मी विसरलेच होते. पट्टा मी आईकडून शिकले, पण तो हात मी शिकले नव्हते. माझ्या मागे कधी कुणी नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी आठवणीने हात मागे नेला. "नाही," केतकी तिच्या संगणकाआडून म्हणाली. "हवेतून जातोय. थांबत नाही." तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम थांबवला. "आता लाकडी झाला. आणि दाबत नाहीस." श्रीरंगने एक खुर्ची आणून ठेवली. हात तिच्या पाठीवर आपटला, खुर्ची कोलमडली. मग एक मोठा चेंडू, एक खोका, खोक्यावर उशी. घाम माझ्या डोळ्यांत उतरत होता. आईच्या मागे काहीही नव्हतं तरी तिचा हात बरोबर थांबत होता, आणि मला उशीवरसुद्धा जमत नव्हतं.

"राहू दे," केतकी सौम्यपणे म्हणाली. "दुसऱ्या लढाईतला हात कापून इथे जोडते. कळणार नाही कुणाला."

"मला कळेल," मी म्हणाले.

टाळ्या थांबल्या होत्या. मी वळून पाहिलं. वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली, श्रीरंगच्या हातात दिली, आणि चपला काढून ते रिंगणात आले.

"वस्ताद, काय करताय?"

उत्तर न देता ते माझ्या मागे आले आणि एक हात जमिनीला टेकून, कण्हत, गुडघ्यांवर बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस. आयुष्यात त्यांनी पट्ट्याच्या रिंगणात कुत्रंसुद्धा शिरू दिलं नव्हतं.

"उंची बगा, बाई," त्यांनी केतकीला हाक मारली.

"वस्ताद, हे बरोबर नाही," श्रीरंग म्हणाला. "पातं लागलं तर..."

"ए पुणेकर, गप की जरा. बाई, उंची?"

केतकीने पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बोटभर वर आहे."

वस्ताद बोटभर खाली सरकले. "आता?"

"आता बरोबर."

"नको, वस्ताद," मी म्हणाले. "माझा हात कच्चा आहे. इतके महिने धरलेला नाही. वेळ चुकली तर?"

"तिचा काय पहिल्या दिशी पक्का हुता? पोरगं पाठीशी घिऊन फिरवायची." त्यांनी खालून माझ्याकडे पाहिलं. "बसायचं काम माझं. दाबायचं तुझं. उगं बोलत उभी राहू नको, गुडघं दुखाल्यात माझं."

मी समोर वळले. तीन गनीम. ते दिसत नव्हते, तरी होते. वस्तादांनी माझ्या पाठीमागे ठेका धरला, या वेळी टाळ्यांनी नाही, तोंडाने. तो ठेका आणि त्यांचा श्वास मला कमरेपाशी ऐकू येत होता. मी पाय सरकवला. ठेक्याबरोबर मागचे गुडघेही सरकले. मी वळले. तेही वळले. पातं वर गेलं.

आणि मला मागे बघायचं होतं, ते कुठे आहेत, किती जवळ आहेत, पण समोर गनीम होते, म्हणून मी हात पाठवला.

हात थांबला. तळव्याखाली टक्कल, घामाने ओलं, ऊन. मी दाबलं. बोटभरच. डोकं हाताखालून निघून गेलं, आणि पट्टा सुटला. सूंऽऽ करत तो डोक्यावरून पूर्ण फिरला, समोरून गेला, पुन्हा पाठीमागून आला, तीन गनिमांच्या आरपार. मी गिरकी घेऊन पाय रोवला तेव्हा सगळी खोली अजून त्या वाऱ्यात होती.

"मिळालं!" केतकी किंचाळली. ती खुर्चीवरून उठून नाचत होती. "मिळालं, मिळालं, पहिल्याच झटक्यात मिळालं!" श्रीरंग टोपी छातीशी धरून जागच्या जागी उड्या मारत होता.

मी मागे वळून पाहिलं. वस्ताद पाय पोटाशी घेऊन जाजमावर बसले होते, मान खाली. त्यांच्या कानावरचे चार पांढरे केस ताठ उभे राहिले होते.

"वस्ताद? लागलं नाही ना?"

त्यांनी मान वर केली.

"आणि एकदा," ते म्हणाले.